परिचारिकेने डॉक्टरांची वाट कधी पाहावी आणि कधी पाहू नये? (बेळगाव, खानापूर, चिकोडी परिसर)

घटप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी चिकोडी तालुक्यातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात फिजिशियन आहे. निपाणी, रायबाग, हुक्केरी, अथणी या बाजूंचे रुग्ण आमच्याकडे येतात. जे आमच्या आवाक्याबाहेरचे असतात त्यांना बेळगावला, कोल्हापूरला किंवा मिरजेला पाठवावे लागते. आमच्या छोट्या अतिदक्षता विभागात अलीकडे क्रिटिकल केअरची एक वर्षाची पदविका घेतलेल्या दोन सिस्टर रुजू झाल्या आहेत. त्यांचे काम जवळून पाहताना एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे. विशेष प्रशिक्षण घेतलेली परिचारिका आणि डॉक्टर यांच्यात कामाची वाटणी नेमकी कशी असावी, आणि ती कोणी व केव्हा ठरवावी?

माझे मत आधीच सांगतो. परिचारिकेच्या अंगी कितीही कौशल्य असले, तरी डॉक्टरांना न विचारता तिने काय करायचे हे डॉक्टरांनी आधीच, निवांत वेळी, लिहून ठेवलेले नसेल, तर ते कौशल्य ऐन वेळी कामी येत नाही. परस्परांविषयी आदर, मनमोकळे वातावरण हे सगळे हवेच. पण रात्री दोन वाजता केवळ त्यावर विसंबता येत नाही.

नेहमी घडणारे उदाहरण घेतो. मूत्रमार्गाच्या संसर्गाने दाखल झालेला, साधारण ६० किलो वजनाचा रुग्ण. संध्याकाळच्या राऊंडला त्याचा ताप उतरलेला, बोलणे व्यवस्थित, वरचा रक्तदाब ११०. रात्री सिस्टर दर तासाला कॅथेटरच्या पिशवीपाशी वाकून, बॅटरीच्या उजेडात मोजपात्रातील रेघ पाहतात आणि तक्त्यावर मिलिलिटरचे आकडे लिहितात: ५०, ३५, २०, १५. या वजनाच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. श्वास मोजताना त्या मॉनिटरवर विसंबत नाहीत. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट रुग्णाच्या छातीकडे पाहतात. श्वासाची गती १८ वरून २६ वर गेलेली असते. रक्तदाब मात्र अजून १०६ असतो. झोपेतून उठवलेले ड्युटी डॉक्टर फोनवर पहिला प्रश्न रक्तदाबाचा विचारतात आणि आकडा ऐकून ‘लक्ष ठेवा’ एवढेच सांगतात. शरीर रक्तदाब शेवटपर्यंत सावरून धरते. तो घसरू लागतो तोवर मूत्रपिंडांना इजा होऊ लागलेली असते. सिस्टरना हे कळलेले असते. पुढे काय करायचे हेही त्यांना ठाऊक असते, आणि तरीही त्या थांबतात, कारण करण्याची मुभा त्यांना कोणी दिलेली नसते.

इंग्लंडमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये, आणि सुधारून २०१७ मध्ये, धोक्याच्या पूर्वसूचनेची एक गुणपद्धत तयार केली. श्वासाची गती, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप अशा नोंदींना त्यात गुण दिले जातात. वरच्या रुग्णाच्या श्वासगतीलाच ३ गुण मिळतात, आणि एकाच नोंदीला ३ गुण मिळाले तरी डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहावे, असा त्या पद्धतीचा नियम आहे. परिचारिकेला काय वाटते आणि डॉक्टरांना काय वाटते, हा प्रश्नच तेथे उरत नाही. नियम दोघांनी आधी मान्य केलेला असतो.

संघकार्याचा परिणाम मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतील १३ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील ५,०३० रुग्णांचा नॉस व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराच्या तीव्रतेचा हिशेब धरूनही विभागाविभागांतील मृत्युदरांत मोठा फरक होता, आणि त्या फरकाचा संबंध यंत्रसामग्रीपेक्षा डॉक्टर व परिचारिका यांच्यातील समन्वयाशी अधिक दिसला. आपल्याकडे नवे व्हेंटिलेटर आले की समारंभ होतो, शिफ्ट बदलताना हँडओव्हर कसा होतो हे मात्र कोणी पाहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सीमाभागातील परिचारिका, डॉक्टर आणि नातेवाईक अशा सगळ्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

---

अतिदक्षता_परिचारिका

घटप्रभाकाठ सर, आपण हा विषय काढल्याबद्दल आभार. मी बेळगावात गेली अनेक वर्षे अतिदक्षता विभागात काम करते. आपण लिहिलेली रात्र आमच्यातील प्रत्येकीने पाहिलेली आहे.

दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. पहिली फोनची. आपण काय सांगतो, यापेक्षा कोणत्या क्रमाने सांगतो यावर पलीकडचा माणूस उठून येणार की नाही, हे पुष्कळदा ठरते. आधी सध्याची अवस्था, मग थोडक्यात पूर्वपीठिका, मग माझे निरीक्षण, आणि शेवटी मला काय हवे आहे, असा चार टप्प्यांचा क्रम आता बहुतेक नर्सिंग महाविद्यालयांत शिकवला जातो. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरील शिस्तीतून तो रुग्णालयांत आला. पहिले तीन टप्पे आमच्या मुली उत्तम सांगतात, चौथ्यापाशी अडखळतात. ‘सर, तुम्ही १० मिनिटांत येऊन पाहावे असे मला वाटते,’ हे वाक्य उच्चारायला धैर्य लागते, विशेषतः समोरचे डॉक्टर ‘तुम्ही मला सांगणार का?’ असे विचारणारे असतील तर. मी नव्या मुलींकडून हे वाक्य मोठ्याने म्हणवून घेते, अगदी चार-चारदा.

दुसरी गोष्ट बदल्यांची, आणि ती मला अधिक टोचते. अतिदक्षता विभागात तयार झालेल्या मुलीला सहा महिन्यांनी बाह्यरुग्ण विभागात टाकतात, डायलिसिस शिकलेली प्रसूती विभागात जाते, आणि मनुष्यबळ कमी पडले की कोणालाही कोठेही उभे केले जाते. हृदयरोग विभागातील डॉक्टरांना उद्यापासून त्वचारोग पाहा, असे कोणी म्हणत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता, नवजात शिशू, कर्करोग, मूत्रपिंडविकार, शस्त्रक्रियागृह, मानसोपचार अशा विषयांचे पदविका अभ्यासक्रम नेमून दिले आहेत. ते शिकून आलेल्या मुलीला त्याच विभागात टिकवले नाही, तर डॉक्टरांचा तिच्यावर विश्वास बसायला वेळच मिळत नाही. कोणती सिस्टर उगाच फोन करत नाही, हे डॉक्टरांना अनेक रात्री एकत्र काढल्यावरच कळते.

---

उचगावचा_वाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. आईच्या आजारपणातील एक अनुभव लिहितो. रुग्णालयाचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही.

आईच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना सिस्टरनी जखमेच्या कडेला बोटाने हलकेच दाबून पाहिले, वास घेतला, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता नवी पट्टी बांधली. नंतर त्या मला जिन्यापाशी बोलावून म्हणाल्या, ‘दादा, उद्या राऊंडला डॉक्टर आले की जखम उघडून बघा म्हणून तुम्हीच सांगा. मी सांगितले असे म्हणू नका.’ मी तसे सांगितले. डॉक्टरांनी जखम उघडली, आत पू झाला होता, टाके काढावे लागले. आई पुढे बरी झाली.

त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. पण ज्या विभागात परिचारिकेला स्वतःचे निरीक्षण डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्यासाठी नातेवाइकाला निरोप्या करावे लागते, तेथे ज्याच्याजवळ कोणी नातेवाईकच नाही अशा रुग्णाचे काय होत असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

---

शुश्रूषा_अध्यापिका

उचगावकर दादांनी लिहिलेला प्रसंग वाचून मन हेलावले, आश्चर्य मात्र वाटले नाही. लेनर्ड स्टाइन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ मध्येच हे वर्तन नोंदवून ठेवले आहे. परिचारिकेने सल्ला द्यायचा, पण तो सल्ला आहे असे दिसू द्यायचे नाही. डॉक्टरांनी तो घ्यायचा, पण मागितला असे वाटू द्यायचे नाही. आपल्याकडे या लपवाछपवीत नातेवाईक हा तिसरा माणूस ओढला जातो, एवढाच फरक.

त्याच्या आदल्या वर्षीचा हॉफलिंगचा प्रयोग मी विद्यार्थिनींना दरवर्षी सांगते. एका अनोळखी ‘डॉक्टरांनी’ फोनवरून वॉर्डातील परिचारिकेला एका औषधाचे २० मिलिग्रॅम द्यायला सांगितले. बाटलीवर कमाल मात्रा १० मिलिग्रॅम अशी स्पष्ट छापलेली होती, आणि फोनवरून तोंडी आदेश घेणे रुग्णालयाच्या नियमांविरुद्ध होते. २२ पैकी २१ परिचारिका ते औषध द्यायला निघाल्या. त्यांना दाराशी थांबवण्यात आले. गोळ्या निरुपद्रवी होत्या, म्हणून केवळ प्रयोग झाला. त्या बायका अडाणी नव्हत्या. मुकाट्याने आज्ञा पाळणे हीच चांगल्या परिचारिकेची ओळख, असे त्यांच्या मनावर वर्षानुवर्षे बिंबवले गेले होते.

आता आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट, जी बेळगावकरांना फारशी ठाऊक नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे मोठे कारण. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक अभ्यास केला, आणि तो २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणांत, जेथे डॉक्टर नव्हते तेथे, सहायक परिचारिका-प्रसाविकांनी म्हणजे आपल्या एएनएम ताईंनी १,६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या आणि निम्म्यांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. औषध नसलेल्या गटात रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्के होते, मिसोप्रोस्टॉलच्या गटात ६.४ टक्के. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

येथे संघ कसा चालला, हे पाहण्यासारखे आहे. कोणाला द्यायचे, केव्हा द्यायचे, किती द्यायचे, रक्त कसे मोजायचे, कोणत्या लक्षणांवर रुग्णालयात हलवायचे, हे सर्व डॉक्टरांनी आधी ठरवून शिकवले होते. प्रत्यक्ष बाळंतिणीजवळ मात्र एएनएम ताई होत्या, आणि त्या क्षणी त्यांनी कोणाला फोन केला नाही. घटप्रभाकाठ सर म्हणतात ती ‘आधी लिहून दिलेली मुभा’ आपल्याच खेड्यांत इतकी वर्षे आधी अजमावली गेली आहे. मग शहरातील रुग्णालयांत, पदवी घेतलेल्या परिचारिकेच्या बाबतीत, तिची भीती का वाटावी?

---

रात्रपाळीचा_डॉक्टर

सर्वांविषयी आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. मी निवासी डॉक्टर आहे आणि वरच्या पोस्टमध्ये झोपेतून उठवला गेलेला माणूस मीच आहे, असे समजा.

केसपेपरवर सही माझी असते. काही बिघडले तर रात्री जमावासमोर मी उभा राहतो, आणि ग्राहक आयोगाची नोटीसही माझ्या किंवा माझ्या वरिष्ठांच्या नावे येते. परिचारिकेने लिखित नियमानुसार औषध दिले आणि ते त्या विशिष्ट रुग्णाला मानवले नाही, तर नियम लिहिणारा जबाबदार की देणारी? हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाला ‘लघवी कमी आहे’ म्हणून भराभर सलाईन चढवले, तर फुप्फुसांत पाणी होते. नियमाला रुग्ण दिसत नाही.

शिवाय अशा व्यवस्थांचे फळ नेहमीच मिळते, असेही नाही. सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० मध्ये तातडीच्या वैद्यकीय पथकाची कल्पना सुरू झाली. परिचारिकेने ठरावीक लक्षणे दिसताच पथकाला बोलवायचे. पुढे ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांत तिची मोठी चाचणी झाली आणि २००५ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. एका सिस्टरकडे आठ-आठ रुग्ण असताना कोणताही कागद उपयोगी पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

अतिदक्षता_परिचारिका

डॉक्टर, मनुष्यबळाविषयी आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे एक परिचारिका असावी हे सगळे मान्य करतात. प्रत्यक्षात किती ठिकाणी असते, ते आपण दोघेही जाणतो.

पण त्या चाचणीचा दुसरा भागही सांगायला हवा. ज्या रुग्णालयांत पथक होते, तेथेही ठरलेली लक्षणे दिसत असताना पुष्कळदा पथकाला बोलावलेच गेले नव्हते. म्हणजे कागद होता, बोलावण्याची सवय नव्हती. त्या पथकाच्या निकषांत एक निकष असाही आहे की, सगळे आकडे ठीक असूनही परिचारिकेला रुग्णाविषयी गंभीर काळजी वाटत असेल, तर तेवढ्या कारणावरही बोलवावे. माझ्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा निकष आहे. ‘आज हे बाळ नेहमीसारखे दिसत नाही,’ असे नवजात शिशू विभागातील अनुभवी सिस्टर म्हणते, तेव्हा तिच्याकडे दाखवायला आकडा नसतो. दूध ओढताना बाळ जरा लवकर दमले, हातापायांचा रंग किंचित पालटला, एवढेच तिने पाहिलेले असते. रक्ताच्या तपासणीत संसर्ग दिसायला पुढे कित्येक तास लागतात.

---

खानापूर_तालुका

मी खानापूर तालुक्यात सरकारी सेवेत स्टाफ नर्स आहे. आमच्याकडील एका कामाची पद्धत लिहिते, म्हणजे लिखित नियम आणि डॉक्टरांचा निर्णय हे एकमेकांच्या आड येत नाहीत, हे रात्रपाळीच्या डॉक्टरांना दिसेल.

भातलावणीच्या आणि भातकापणीच्या दिवसांत जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा या जंगलाकडच्या गावांतून सर्पदंशाचे रुग्ण येतात. रुग्ण दारात आला की डॉक्टर ओपीडीत असोत वा क्वार्टरवर, काही गोष्टी मी लगेच सुरू करते. काचेची, कोरडी, नवी परीक्षानळी घ्यायची. साबणाने धुतलेल्या नळीत चांगले रक्तही गोठत नाही, आणि प्लॅस्टिकच्या नळीचाही भरवसा नाही. म्हणून आमच्याकडे या नळ्यांचा डबा वेगळा ठेवलेला असतो आणि त्याला प्रयोगशाळेतील कोणी हात लावत नाही. शिरेतून काढलेले २ मिलिलिटर रक्त त्यात सोडायचे, वेळ लिहायची, आणि २० मिनिटे नळीला धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही. घाईने दर पाच मिनिटांनी तिरकी करून पाहणारे नातेवाईक असतात, त्यांना आवरावे लागते. २० मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा परिणाम रक्तावर झाला आहे, असे धरून चालतो.

तोवर मी डोळ्यांकडेही पाहत असते. मण्यार किंवा नाग असेल तर रक्त नीट गोठते, पण पापण्या जड होतात, गिळता येत नाही. रुग्णाला एका श्वासात एक, दोन, तीन असे जमेल तेथपर्यंत मोजायला सांगते आणि तो कोठे थांबला ते लिहून ठेवते. थोड्या वेळाने पुन्हा मोजायला लावल्यावर आधी २५ पर्यंत जाणारा माणूस १२ वर थांबला, तर श्वासाचे स्नायू हार मानत आहेत, हे आकड्यानेच सांगता येते. मग डॉक्टरांना यावेच लागते आणि ते येतातही. भाषेचाही येथे उपयोग होतो: जंगलाकडची म्हातारी माणसे मराठीच बोलतात, आमचे डॉक्टर कन्नड आणि इंग्रजी बोलतात, मला दोन्हीकडचे समजते.

प्रतिविष द्यायचे की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा. तो त्यांचाच राहावा, असे मलाही वाटते. कारण पश्चिम घाटातील चापड्यासारख्या सापावर आपल्याकडील प्रतिविष चालत नाही, शिवाय पुष्कळदा दंशात विष उतरलेलेच नसते. एकदा त्यांनी आदेश दिला की सुरुवातीच्या १० कुप्या सलाईनमधून तासाभरात जातात. त्या तासात मी रुग्णाजवळून हलत नाही. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, छातीत घरघर सुरू झाली, तर प्रतिविष थांबवून प्रौढ माणसाला ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत द्यायचे. ते सिरिंजमध्ये भरून, चिठ्ठी लावून ट्रेमध्ये आधीच तयार असते, आणि ते देण्यासाठी मी डॉक्टरांना विचारायला जात नाही. तसा लेखी आदेश आमच्या डॉक्टरांनी सही करून दिलेला आहे. दोन-तीन मिनिटेही वाया घालवता येत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. सहा तासांनी नळीची चाचणी पुन्हा, हेही त्यातच लिहिलेले आहे.

---

भूलतज्ज्ञ_बेळगाव

खानापूरच्या ताईंनी फारच नेमके लिहिले आहे. शस्त्रक्रियागृहाविषयी थोडक्यात सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी आता बहुतेक ठिकाणी भिंतीवर असते. आठ शहरांतील तिच्या पहिल्या अभ्यासात दिल्लीचाही समावेश होता, आणि २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यादी मोठ्याने वाचायचे काम बहुधा परिचारिकेचे असते. ती वाचत असताना सर्जन हात धुण्याच्या खोलीत असतील आणि मी फोनवर असेन, तर खुणा पूर्ण होतात आणि सुरक्षा होत नाही. आमच्या एका वरिष्ठ सर्जननी सिस्टरना सांगून ठेवले आहे की, यादी पूर्ण झाल्याखेरीज त्यांच्या हातात सुरी द्यायचीच नाही. त्या एका वाक्याने सगळ्यांची शिस्त बदलली.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात १०० हून अधिक अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेतील नळीपासून होणारा रक्तसंसर्ग कमी करण्याची मोहीम झाली. प्रोनोव्होस्ट यांच्या नेतृत्वाखालील तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कृती साध्याच होत्या: हात धुणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणे, रुग्णाला पूर्ण झाकणे, शक्य तेथे जांघेतील शीर टाळणे, गरज संपताच नळी काढणे. यातील एखादी पायरी डॉक्टरांनी गाळली, तर त्यांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिलेला होता आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभे होते. संसर्गाचा मध्यक दर (म्हणजे सगळे विभाग दराच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या विभागाचा दर) १,००० नळी-दिवसांमागे २.७ होता (एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक नळी-दिवस), तो तीन महिन्यांत शून्यावर आला.

---

शुश्रूषा_अध्यापिका

एक भर घालते. आता परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखलेला आहे, आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रसूतीसेवेसाठी १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण आहे. २०२३ मध्ये परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदाही झाला. पण आमच्या मुली विचारतात, ‘मॅडम, हे शिकून परत आल्यावर पद कोणते मिळणार? पगार किती वाढणार?’ बहुतेक रुग्णालयांत त्याचे उत्तर नसते. मग त्या आखाती देशांत किंवा इंग्लंडला जातात. संघकार्याच्या चर्चेत हा मुद्दा बाजूला राहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

---

घटप्रभाकाठ

सर्वांचे आभार. रात्रपाळीच्या डॉक्टरांच्या शंकेला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे, कारण ती रास्त आहे.

नियम लिहिणाऱ्याची जबाबदारी नियमावर, आणि पाळणारीची जबाबदारी तो बरोबर पाळण्यावर, अशी विभागणी लेखी असावी. प्रत्येक आदेशावर वरिष्ठ डॉक्टरांची सही, तारीख आणि फेरविचाराची मुदत हवी, आणि तो कोणाला लागू नाही हेही तेथेच हवे. आपण दिलेले कमकुवत हृदयाचे उदाहरण मला पटले. म्हणून आमच्या मसुद्यात सलाईनचा वेग वाढवण्याची मुभा ठेवलेली नाही. लघवी सलग दोन तास ३० मिलिलिटरच्या खाली आणि श्वास २५ किंवा अधिक, असे दिसले की सिस्टरनी रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहण्याची तपासणी) आणि लॅक्टेटचा (शरीराला रक्तपुरवठा कमी पडतो आहे का ते पाहण्याचा) नमुना घ्यायचा, गरज असेल तर ऑक्सिजन लावायचा, दुसऱ्या शिरेतही सलाईनची सुई घालून ठेवायची आणि फोन करायचा. सलाईनविषयीचा निर्णय डॉक्टरांनी रुग्णापाशी येऊन करायचा. ३० चा आकडा ६० किलोच्या माणसाचा आहे. प्रत्येक रुग्णाचा आकडा वजनाप्रमाणे दाखल करतानाच तक्त्याच्या माथ्यावर लिहिला जाईल. त्यामुळे आपण येता तेव्हा नमुने गेलेले असतील आणि सिस्टर आपली वाट पाहत नुसत्या उभ्या नसतील.

उचगावकर दादांच्या पोस्टनंतर आम्ही राऊंडची रीतही बदलली आहे. प्रत्येक खाटेपाशी आधी रात्रीच्या सिस्टर बोलतात, मग निवासी डॉक्टर, मग मी. सुरुवातीला एक-दोन सिस्टर ‘विशेष काही नाही, सर’ एवढेच म्हणत. आता जखम, झोप, लघवी, नातेवाइकांची तक्रार असे सगळे येते. राऊंडला वेळ अधिक लागतो, हे मान्य आहे.

---

रात्रपाळीचा_डॉक्टर

सर, अशा स्वरूपात असेल तर माझी हरकत नाही. उलट रात्री मला सोपे जाईल. एकच विचारतो: सिस्टरनी फोन केला, मी दुसऱ्या गंभीर रुग्णापाशी अडकलो आहे आणि फोन उचलू शकलो नाही, तर?

---

अतिदक्षता_परिचारिका

डॉक्टर, आमच्या विभागात हे कागदावरच आहे. पाच मिनिटांत दोनदा फोन उचलला गेला नाही, तर थेट वरिष्ठांना, आणि तेही मिळाले नाहीत तर त्या रात्रीच्या भूलतज्ज्ञांना. दोन्ही फोनच्या वेळा नर्सिंग नोंदीत लिहायच्या. निवासी डॉक्टरांना डावलून वर फोन केला म्हणून सकाळी कोणी जाब विचारायचा नाही, हे वाक्यही आमच्या वरिष्ठांनी त्याच कागदात घालून घेतले आहे. आपल्या मसुद्यातही ते असावे, सर. त्याखेरीज नवी मुलगी वरचा नंबर फिरवणार नाही.